‘तारे जमीन पर’मध्ये डॉक्टर कुठे आहे?

‘तारे जमीन पर’ हा आमिर खान यांचा चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर तो जितक्या शिक्षकांनी पाहिला, तितक्यांनी बालमानसशास्त्राचे एखादे पुस्तक मनापासून वाचले असेल असे आम्हाला वाटत नाही. प्रशिक्षणांत आणि शाळांच्या सभागृहांत तो दाखवला गेला. ‘आमच्या वर्गात एक ईशान आहे’ असे शिक्षक एकमेकांना सांगू लागले. एवढे ज्याच्या वाट्याला येते त्या चित्रपटाचे परीक्षण केवळ कलाकृती म्हणून करून भागत नाही. शिकवण्याचे साधन म्हणूनही त्याच्याकडे पाहावे लागते. हे साधन मुखेडसारख्या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कितपत कामाला येईल, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईचा ईशान तिसरीत दुसऱ्यांदा बसलेला आहे. त्याला वाचता येत नाही, पण शाळेला आणि घराला दिसतो तो त्याचा दंगा. तो मारामारी करतो, शाळा बुडवतो, उलट बोलतो, परीक्षेचे पेपर घरी दाखवत नाही. वडील त्याला शिस्तीसाठी निवासी शाळेत टाकतात. तेथे दंगा थांबतो आणि मुलगा बोलेनासा होतो. मग निकुंभ नावाचे हंगामी चित्रकला शिक्षक येतात. त्यांना त्याच्या वह्यांत वाचनविकाराच्या खुणा दिसतात, आणि वाळूत अक्षरे गिरवण्यापासून सुरुवात करून ते त्याला वाचते करतात.

अमोल गुप्ते यांच्या या पटकथेतला एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. मुलगा मुद्दाम करतो, अशी तक्रार करणाऱ्या वडिलांच्या हाती निकुंभ परक्या लिपीतला मजकूर असलेले एक खोके देतात आणि वाचायला सांगतात. वडिलांना अर्थातच वाचता येत नाही. तेव्हा निकुंभ त्यांच्यावरच उद्धटपणाचा आरोप करतात. ‘करता येत नाही’ आणि ‘करायचे नाही’ यांतला फरक याहून कमी वेळात कुणी समजावून दिलेला आमच्या पाहण्यात नाही. शिक्षकांच्या मेळाव्यात वेळ कमी असेल तर एवढाच प्रसंग दाखवावा आणि चर्चा सुरू करावी. आणखी एक गोष्ट लेखकाने अचूक हेरली आहे. निवासी शाळेत गेल्यावर ईशानचा दंगा बंद होतो. ती सुधारणा वाटते, पण प्रत्यक्षात ती घसरण असते. गप्प बसलेले मूल सुधारले असे समजण्याची आपली सवय जुनी आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

विज्ञानाच्या मासिकात लिहीत असल्यामुळे दोन बारीक गोष्टी नोंदवणे भाग आहे. झाडाभोवती जमून त्याला शिव्या दिल्या की ते वाळून मरते, अशी सॉलोमन बेटांवरची एक हकीकत निकुंभ सांगतात. भाषणाला ती चांगली आहे, पण शिव्यांनी झाड मरते याला काहीही शास्त्रीय आधार नाही, आणि ही हकीकत आता शिक्षकांच्या भाषणांत सत्यकथा म्हणून फिरते. दुसरे म्हणजे आइन्स्टाइन, लिओनार्दो, एडिसन यांची वर्गात वाचली जाणारी यादी. मेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही, आणि आइन्स्टाइनला वाचनविकार होता असे दाखवणारा पुरावा नाही. शिवाय या यादीचा मुलाच्या मनावर एक चमत्कारिक भार पडतो. ज्याला वाचता येत नाही त्याने निदान प्रतिभावंत तरी असावे, अशी अपेक्षा त्यातून तयार होते. ईशान उत्तम चित्रे काढतो म्हणून त्याची सुटका झाली. ज्याला चित्रही काढता येत नाही आणि धावताही येत नाही, अशा मुलाचे काय, हे चित्रपट सांगत नाही.

पण आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या संपूर्ण चित्रपटात डॉक्टर नाही. मानसशास्त्रज्ञ नाही. ईशानचे कान कुणी तपासत नाही, डोळे तपासत नाही, बुद्धिमापन होत नाही. निकुंभ वह्या पाहतात, मुंबईला जाऊन घर पाहतात आणि निदान करून मोकळे होतात. ते बरोबर ठरते, कारण पटकथेत तसे लिहिले आहे, आणि कारण लहानपणी त्यांना स्वतःला तोच त्रास होता. स्वतःला झालेला आजार दुसऱ्यात चटकन ओळखू येतो हे खरे, पण जो आजार आपल्याला झाला नाही तो ओळखू येत नाही हेही तितकेच खरे.

चौथीतला एक मुलगा धरू. जागेवर बसत नाही, सूचना अर्धवट ऐकतो, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, मधल्या सुट्टीत कुणाला तरी मारतो. मुखेड तालुक्यात यामागे काय काय असू शकेल? कान वाहत असेल आणि ऐकूच कमी येत असेल. फळा दिसत नसेल. घरी कन्नड, तेलुगू किंवा गोरमाटी बोलली जात असेल आणि गुरुजींचे पुस्तकी मराठी त्याच्या डोक्यावरून जात असेल. तालुका कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेजवळ आहे आणि तांड्यांची वस्ती मोठी आहे. आईबापांबरोबर तो ऊसतोडीला जाऊन आला असेल आणि मधले चार-पाच महिने त्याच्या अभ्यासातून गळून पडले असतील. अंगात रक्त कमी असेल, झोप पुरत नसेल. घरी बाप दारू पिऊन मारत असेल. त्याला ईशानसारखा वाचनविकार असेल. किंवा खरोखरच अवधानाचा विकार असेल.

या यादीत एक कारण असे आहे की ते शिक्षकाला दिसते पण कळत नाही. अपस्माराचा एक प्रकार मुलांत आढळतो. त्यात आकडी येत नाही, फेस येत नाही. मूल बोलता बोलता किंवा लिहिता लिहिता काही सेकंद थांबते, एकटक पाहते आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे चालू लागते. दिवसातून असे कितीतरी वेळा होऊ शकते. दर वेळी वाक्याचा एक तुकडा निसटतो. अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो, आणि शब्दशः तो चूकही नसतो. मेंदूच्या विद्युत आलेखात हा प्रकार स्पष्ट दिसतो आणि औषधाने बहुधा आटोक्यात येतो. वाळूत अक्षरे गिरवून मात्र तो जात नाही. निकुंभ सरांच्या हाती हे मूल लागले असते तर वर्षभर प्रेमाने चुकीचा उपचार झाला असता.

म्हणून शिक्षकाला डॉक्टर हवा. आता डॉक्टरला शिक्षक कशासाठी हवा ते पाहू, कारण ही बाजू आपल्याकडे आणखी कमी बोलली जाते.

अवधानाच्या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरणाचे चित्र नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली सुधारलेल्या निकषांप्रमाणे मुलात दुर्लक्षाच्या नऊपैकी किमान सहा किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा खुणा असाव्या लागतात. त्या सहा महिने टिकलेल्या असाव्यात, काही तरी बाराव्या वर्षाच्या आधीपासून असाव्यात, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसाव्यात. शेवटची अट महत्त्वाची आहे. घर हे एक ठिकाण, तर दुसरे ठिकाण शाळेशिवाय कोणते असणार? डॉक्टरच्या खोलीत नवी जागा, नवा माणूस, समोर आई आणि दहा मिनिटांचा अवधी. अशा वेळी अतिचंचल मूलही पुष्कळदा शांत बसते. म्हणजे शिक्षकाच्या साक्षीवाचून केलेले निदान निकषांतच बसत नाही.

या उपचाराचा इतिहासही शाळेतच सुरू झाला आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर होते. मेंदूच्या तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, त्यावर त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मात्र रुग्णालयाच्या शाळेतील शिक्षकांच्या लक्षात आले की काही मुले एकाएकी अभ्यासात रमू लागली आहेत, गणिते पुरी करू लागली आहेत. मुलांनी त्या गोळीला गणिताची गोळी असे नाव दिले. मग ब्रॅडलींनी तीस मुलांवर पद्धतशीर पाहणी केली आणि १९३७ साली ती प्रसिद्ध केली. जवळजवळ निम्म्या मुलांत शालेय कामात ठळक फरक पडला होता. औषध डॉक्टरने दिले, पण त्याचा खरा परिणाम शिक्षकाने पाहिला. पुढे १९६९ साली कीथ कॉनर्स यांनी शिक्षकांनी भरायची गुणांकन पट्टी तयार केली तीही औषधांचा परिणाम मोजण्यासाठीच.

शिक्षकाची साक्ष एवढी मोलाची असेल तर ती कितपत विश्वासार्ह आहे हेही विचारले पाहिजे. येथे ई. के. विकमन यांचा १९२८चा अभ्यास हटकून सांगितला जातो. त्यांनी मुलांच्या वागण्यातल्या पन्नास बाबी पाचशेहून अधिक शिक्षकांपुढे ठेवल्या आणि त्याच बाबी तीस मनोआरोग्य तज्ज्ञांपुढेही ठेवल्या. कोणती बाब किती गंभीर ते सांगायचे होते. शिक्षकांनी चोरी, खोटे बोलणे, अश्लील लिहिणे, आज्ञाभंग यांना वर ठेवले. तज्ज्ञांनी एकलकोंडेपणा, संशयी वृत्ती, खिन्नता, भित्रेपणा यांना वर ठेवले. वर्गाला त्रास देणारे मूल शिक्षकाला दिसते, आणि स्वतःलाच त्रास देणारे मूल त्याच्या नजरेतून सुटते, असा निष्कर्ष निघाला. निवासी शाळेतला गप्प ईशान कुणाला का खुपला नाही, याचे हे उत्तर म्हणता येईल.

हा अभ्यास शिक्षकांना झोडपण्यासाठी पुष्कळ वापरला गेला. पण त्यात एक मेख आहे. दोन्ही गटांना प्रश्न एकच नव्हता. शिक्षकांना सांगितले होते की आत्ता, या घडीला हे वागणे किती वाईट ते झटकन नोंदवा. तज्ज्ञांना सांगितले होते की मुलाच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने याचे महत्त्व किती ते ठरवा. दोन वेगळे प्रश्न विचारल्यावर उत्तरे वेगळी येणारच. नंतरच्या संशोधकांनी हे दाखवून दिले. आमच्या मते त्या चुकीतच खरा धडा आहे. साठ मुलांचे दोन वर्ग एकट्याने सांभाळणाऱ्या गुरुजींना ‘आत्ता’ला उत्तर द्यावे लागते, डॉक्टरला ‘पुढे’ला. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाच मुलाबद्दल आहेत. ‘तुम्हाला मानसशास्त्र कळत नाही’ असे डॉक्टरने म्हणावे आणि ‘तुम्ही एक दिवस वर्ग घेऊन दाखवा’ असे गुरुजींनी म्हणावे, यात दोघेही आपापल्या प्रश्नापुरते बरोबर असतात.

आपल्याकडे या दोघांची गाठ घालून देणारी सरकारी व्यवस्था कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. फिरती पथके अंगणवाड्यांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांना वर्षातून एकदा भेट देतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत तीसेक बाबी पाहायच्या असतात, आणि संशयित मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे असते. कार्यक्रम चांगला आहे. हृदयाला छिद्र असलेली, टाळू दुभंगलेली कितीतरी मुले यातून उपचारापर्यंत पोचली.

परंतु त्याच्या यादीत वर्तनविकार या शब्दापुढे कंसात स्वमग्नता लिहिलेले आहे, तर अध्ययनविकार आणि अवधानाचा विकार हे स्वतंत्र ओळींत आहेत. स्वमग्नता हा वर्तनविकार नव्हे. तो मेंदूच्या विकासातला जन्मापासूनचा फरक आहे. आणि ज्याला वर्तनविकार म्हणतात, म्हणजे सतत उलट वागणे, क्रूरपणा, मोडतोड, चोरी, त्याला या यादीत जागाच नाही. शब्दांची ही गल्लत किरकोळ नाही, कारण तपासणाऱ्याने कार्डावर केलेली खूण गुरुजी पुढे वर्षभर वाचतात. दुसरी अडचण वेळेची. पथक एका दिवसात अख्खी शाळा पाहते. हृदयातला आवाज स्टेथोस्कोपने तेवढ्यात ऐकू येतो, दात पाहता येतात. सहा महिने टिकलेली बेचैनी एका दिवसात पाहता येत नाही. ती पाहिलेला माणूस शेजारीच, हजेरीपट घेऊन उभा असतो. त्याचे म्हणणे लिहून घ्यायला कार्डावर अर्धे पान ठेवायला हवे होते. आमच्या मते या साखळीतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे परतीचा कागद. मूल नांदेडला जाऊन येते, आईबापाची एका दिवसाची मजुरी बुडते, फायलीत इंग्रजी अक्षरांचा एक कागद येतो आणि तो घरच्या पत्र्याच्या पेटीत राहतो. शाळेला त्यातले काहीच कळत नाही.

कायद्यातही एक फट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, अवधानाचा विकार मात्र वेगळा नोंदलेला नाही. त्यामुळे ईशानसारख्या मुलाला परीक्षेतल्या सवलतीचा दाखला मिळू शकतो आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या अतिचंचल मुलाला तो सहजी मिळत नाही.

डॉक्टर आणि शिक्षक एकत्र येणे मुखेडला अशक्य आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने मुखेडकडेच पाहावे. सर्पदंशावरील उपचार आणि जनजागृती यांसाठी येथील डॉ. दिलीप पुंडे महाराष्ट्रभर ओळखले जातात. साप चावला की मांत्रिकाकडे जाण्याची रीत होती, आणि जाण्यात वाया गेलेला वेळच जीव घेई. ही रीत मोडायची तर एकट्या दवाखान्याने भागत नाही, ते गावोगाव सांगावे लागते, आणि शाळा हे सांगण्याचे मोठे ठिकाण असते. मुलगा घरी जाऊन सांगतो आणि बाप ऐकतो. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही साप, कुत्रा किंवा विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणे हा गुन्हा म्हणून आला आहे, आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही.

मात्र ही उपमा फार ताणू नये. सर्पदंशात शत्रू दिसतो, उपचार ठरलेला आहे आणि निकाल एक-दोन दिवसांत लागतो. ‘ह्याला बाहेरचं काहीतरी आहे’ असे म्हणून ज्या मुलाच्या दंडाला दोरा बांधला आहे त्याच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. बरे होण्याचा दिवस नसतो, असते ती चढउतारांची वाट. त्यामुळे येथे सांगून भागत नाही, महिनोन्महिने नोंदी ठेवाव्या लागतात.

नोंदींचा उपयोग किती? अमेरिका व कॅनडात ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काटेकोर देखरेखीखालचे औषध, वर्तनोपचार, दोन्ही एकत्र आणि नेहमीचे उपचार असे चार गट चौदा महिने पाहिले. बेचैनी व दुर्लक्ष कमी करण्यात औषध सरस ठरले. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना औषध कमी प्रमाणात पुरले, आणि घरचे संबंध, मुलांत मिसळणे यांत त्यांना काही जादा फायदा दिसला. पुढच्या वर्षांत गटांतला हा फरक ओसरला, हेही सांगितले पाहिजे. पण आम्हाला त्यातला एक साधा भाग महत्त्वाचा वाटतो. वर्तनोपचारात सल्लागार शिक्षकाशी नियमित बोलत असे आणि मुलाबरोबर रोज एक लहान नोंदपत्र घरी जात असे. त्याला पैसा लागत नाही. वहीच्या पाठकोऱ्या पानाच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी लिहाव्यात, त्याही जमण्यासारख्या: विचारल्याशिवाय जागेवरून उठला नाही, चार ओळी उतरवल्या, कुणाला हात लावला नाही. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही. घरी ‘हो’ला कौतुक, ‘नाही’ला मार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहेच. महिन्याभराच्या अशा चिठ्ठ्या घेऊन आई डॉक्टरकडे गेली तर तो दहा मिनिटांत पाहू शकतो त्याहून कितीतरी जास्त त्याच्यापुढे येते.

शिक्षकाच्या या आठवणीची किंमत आपत्तीनंतर विशेष कळते. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञांनी तपासलेल्या वाचलेल्या लोकांच्या एका लहान गटात निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी प्रकल्पाच्या पाण्याने रावणगाव, हसनाळ ही गावे वेढली गेली, माणसे गेली. अशा गावातला मुलगा पुढच्या जूनमध्ये वर्गात मारामारी करतो तेव्हा तो आधीपासूनच असा होता की पाऊस वाजू लागला की असा होतो, हे बाहेरून आलेल्या डॉक्टरला कळणार नाही. ते त्याच्या गुरुजींना किंवा बाईंना ठाऊक असते, बदली झालेली नसेल तर.

तेव्हा चित्रपट जरूर दाखवावा, पण दिवे लावल्यावर एक प्रश्न विचारावा: निकुंभ सरांनी डॉक्टरला चिठ्ठी लिहिली असती तर तीत काय असते? शिक्षण परिषदेत प्रत्येकाने ती लिहून पाहावी. ‘अतिशय खोडकर, अभ्यासात कच्चा’ हे त्यात चालणार नाही. काय केले, केव्हा केले, त्याआधी काय चालले होते, किती वेळ टिकले, कोणत्या तासाला होत नाही, हे लिहावे. रोगाचे नाव लिहू नये, ते काम डॉक्टरचे. आईबापांना वाचून दाखवून त्यांच्या संमतीने ती पाठवावी आणि शिक्षककक्षात तिची चर्चा करू नये. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांनाही ती दाखवता येईल. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर शिक्षकाला स्वतःही विचारता येते. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. उलट डॉक्टरांकडून तीन ओळींचे मराठी उत्तर मागावे: काय आढळले, औषध असेल तर शाळेच्या वेळेत काय जाणवेल, आणि पुढच्या महिन्यात गुरुजींनी काय पाहायचे.